आधी बर्फाला सावली

दादा,

तू गेलास त्याला आज पंधरा दिवस झाले आणि माझा राग उतरायचं नाव घेत नाही. लोक येतात, बसतात, चहा पितात, 'चांगला माणूस होता' म्हणतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं, की चांगला होता म्हणूनच गेला. जरा वाईट असता तर नवघरच्या या घरात आत्ता पंख्याखाली लोळत पडला असता. पण मी ओरडत नाही. वहिनीकडे बघते आणि गप्प बसते. तुझ्यासमोर मात्र मी कधी गप्प बसले नव्हते, मग आता तरी का बसू?

सकाळी इशिकाचा फोन आला. जाहिरातवाल्यांकडची ती पोरगी, शूटिंगचे तिन्ही दिवस हातात कागद घेऊन धावत होती ती. फिल्म तयार झाली म्हणाली. मोबाईलवर पाठवलीसुद्धा. उन्हात काम करणाऱ्या माणसांसाठी पाण्याच्या आणि सावलीच्या जागा उभारायच्यात, त्यासाठी लोकांकडे मदत मागायची, ती फिल्म. तू कोरलेली बर्फाची माणसं भर रस्त्यात बसलीत आणि हळूहळू वितळतायत. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, 'बर्फात प्राण ओतणाऱ्या कलाकाराच्या स्मृतीस', आणि खाली तुझं नाव. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाली. उद्या फिल्म सगळीकडे जाणार.

प्राण ओतणाऱ्या! तुझा स्वतःचा प्राण कुठे गेला, कसा गेला, याचा एक शब्द नाही. बघणाऱ्याला वाटेल, कोणीतरी म्हातारा कलाकार होता, रात्री झोपला तो उठला नाही. मी इशिकाला म्हटलं, "ऊन लागून गेला, तुमच्याच शूटिंगमध्ये, असं लिहा." ती हळूच म्हणाली, "आंटी, सर बोल रहे हैं, लोगों को लगेगा की कैंपेन ने ही जान ली."

"लगेगा क्या? हुआ वही ना."

"फिर कोई डोनेट नहीं करेगा आंटी. वो पानी के स्टॉल भी नहीं बनेंगे."

दादा, ती पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच त्या स्टॉलची काळजी होती. म्हणून तर जास्त चीड आली. सरळ लबाड माणूस समोर असला की त्याला चार शिव्या घालून मोकळं होता येतं.

वहिनीने फिल्म दोनदा बघितली. "नाव तर येतंय," म्हणाली. मग म्हणाली, "तू होतीस तिथे. तुला योग्य वाटेल ते कळव." आणि स्वयंपाकघरात गेली. तू होतीस तिथे. हेच ते, दादा. मी होते तिथे, आणि मी तिला सगळं सांगितलेलं नाही. तू कसा गेलास ते लिहा म्हणून मी भांडायला उभी राहिले, तर कसा गेलास ते आधी मला या घरात सांगावं लागेल. तू नसताना या घरात मला कोण आहे? वहिनीच ना?

मुळात हे काम घेऊच नको म्हणून मी किती कटकट केली होती. आठवतंय तुला?

"पाणी वाटायचंय तर वाटा ना सरळ," मी म्हटलं होतं. "त्याच्यासाठी बर्फाच्या बाहुल्या कशाला हव्यात?"

"पाणपोईचा फोटो कोण बघतो, कुंदे? बर्फ वितळताना सगळे बघतात. लग्नात नाही बघत? नवरा-नवरी राहतात बाजूला, आणि पोरं हंसाच्या चोचीखाली ग्लास धरून उभी."

"मे महिना आहे. उघड्यावर, तीन दिवस. स्वतःचं वय बघ जरा."

"अठ्ठावन्न. मला मोजता येतं."

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुला हौसच आहे."

"भाजू दे की. आयुष्यभर श्रीमंतांचे हंस केले. एकदा माणसं करू दे."

या वाक्याचाही मला राग आहे. भांडण अर्धं टाकून जायची तुझी ही खोड जुनी आहे. दोन शब्द असे बोलायचास की समोरच्याचं तोंड बंद, आणि मग शीळ घालत पटाशीला धार लावायला बसायचास.

हंस तर तू खरंच हजारोंनी केले असशील. आधी अंधेरीच्या हॉटेलच्या किचनमध्ये, मग स्वतःचं काम सुरू केल्यावर मीरा रोडच्या हॉलमध्ये. हंस, मासे, बदामात कोरलेली नवरा-नवरीची अक्षरं. एका गुजराती शेटला त्याच्या आईचा पुतळा हवा होता, तो तू केला नाहीस. "आई वितळताना बघवेल का तुम्हाला?" असं त्याला तोंडावर विचारलंस. शेट रडायलाच लागला, आणि शेवटी मोर घेऊन गेला.

आणि मी. माझं लग्न मोडलं, एक बॅग घेऊन मी तुझ्या दारात आले, तेव्हा तू काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे कलिंगड ठेवलंस आणि हातात बारीक सुरी दिलीस. "रडायचं तर रड, पण हात चालू ठेव. याचा गुलाब कर." मी दिवसभर रडले आणि संध्याकाळपर्यंत गुलाबासारखं काहीतरी झालं. वहिनीने ते कापून फ्रिजमध्ये ठेवलं आणि आम्ही तिघांनी खाल्लं. तेव्हापासून तुझा बर्फ आणि माझी फळं, एकाच टेम्पोतून जायची. तुझे उपकार मानायचे तर ते या एका कलिंगडासाठी मानेन. बाकीचं सगळं आपण भांडून वसूल केलं.

पहिल्याच कामाला तू माझ्या हातावर चापट मारली होतीस. बेव्हर्ली पार्कला लॉनवर रिसेप्शन होतं, चार वाजताचं ऊन, आणि तू मला छत्री दिलीस. मी ती स्वतःच्या डोक्यावर धरली. कोणीही धरेल! तू म्हणालास, "आधी बर्फाला सावली. आपल्याला घाम आला तर आपण वाचतो. त्याला घाम आला की तो संपला." तो आपल्या धंद्याचा नियमच झाला. टेम्पोतून बर्फाची लादी उतरली की आधी गोणपाट, मग छत्री, मग पंखा, आणि सगळ्यात शेवटी आपण. मी नंतर आलेल्या दोघा कारागिरांना हेच शिकवलं, चापटीसकट.

या कामासाठी तू चार माणसं केलीस. डिलिव्हरीवाला, हवालदार, भाजीवाला आणि खडी टाकणारी बाई. उत्तनच्या बाजूला मासेवाल्यांना बर्फ देणाऱ्या त्या कारखान्यात, कोळंबीच्या वासात, तू आठ दिवस राबलास. तिथला म्हातारा रोज सांगायचा, "दादा, आज लादी साफ न्हाय. मधी पांढरी हाय." तू त्या पांढऱ्या गाभ्याचाच उपयोग करून घेतलास. बाईच्या डोक्यावरच्या फडक्यात तो आणलास, आणि चेहरा मात्र काचेसारखा स्वच्छ लादीतून काढलास.

त्या बाईसाठी तू पेणकरपाड्याला रस्त्याचं काम चालू होतं तिथे दोन दिवस जाऊन बसलास. ती खवळली होती ना तुझ्यावर? घरी येऊन तू नक्कल करून दाखवलीस. "क्या देखता है रे?" असं कमरेवर हात ठेवून. तू म्हणालास, तुमचा चेहरा बर्फात काढायचाय. तर ती हसत सुटली, "मेरा मुँह? फ्रिज में रखेगा क्या?" वहिनी हसून हसून बेजार झाली होती. तो चेहरा मी तयार झालेला बघितला तेव्हा मला तुला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. डोळे उन्हाने बारीक केलेले, वरचा ओठ जरा आवळलेला, हसू येतंय पण वेळ नाही अशी ती बाई. तुझ्या हातून एवढं सुंदर काही झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. आणि मी काय बोलले? "कान मोठे झालेत." माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

शूटिंग मिठागरांच्या बाजूच्या रस्त्यावर. एक झाड नाही. खालून तापलेलं डांबर, बाजूने मिठाची चमक. पहिल्या दिवशी कॅमेरे यायला उशीर झाला आणि हवालदाराचं नाक वितळून गेलं. दुसऱ्या दिवशी तिघांचं काम झालं. तिसऱ्या दिवशी फक्त बाई राहिली होती. डायरेक्टर गळ्यात ओला टॉवेल घालून कनातीच्या सावलीत बसलेला. "दादा, फेस एकदम शार्प चाहिए, फिर मेल्ट. बस एक और." असे पाच वेळा 'बस एक और' झाले. दर वेळी चेहरा बोथट व्हायचा, आणि तू गार पाणी मारून, टोच्याने पुन्हा पापण्या काढायचास, ओठ काढायचास. अकरापासून दोनपर्यंत. मला त्या डायरेक्टरच्या कानाखाली काढावीशी वाटत होती. पण त्याने तुला बांधून ठेवलं नव्हतं, दादा. तू एकदा जरी 'नाही' म्हणाला असतास तर तो थांबला असता. माणूस वाईट नव्हता, नुसता बिनडोक होता. तुझा त्या चेहऱ्यावर जीव जडला होता. तुलाच तो शार्प हवा होता, त्याच्यापेक्षा जास्त.

मी म्हटलं, "दादा, पाच मिनिटं सावलीत बस."

तू तुझे निळे पडलेले हात माझ्या गालाला लावलेस. "बघ कसे गार आहेत. बर्फाजवळ उभ्या माणसाला ऊन लागतं होय?"

आणि मला ते पटलं. इतकी वर्षं हेच तर करतोय आपण. हात बर्फात असले की बाकीचं अंगही गार आहे असंच वाटतं. रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाने सांगितलं असतं, अरे बाबा डोक्यावर काहीतरी घे. आपण बर्फवाले, आपल्याला कळलं नाही. तुझा शर्ट कोरडा होता. सकाळी घामाने भिजलेला शर्ट दीड वाजता कोरडा होता आणि मला बरं वाटलं, की चला, याला आता सवय झाली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, घाम थांबणं हीच धोक्याची खूण होती.

आता ते. जे मी वहिनीला सांगितलेलं नाही.

शूटवाल्यांची मोठी छत्री होती. दोन शॉटच्या मध्ये ती बाईच्या चेहऱ्यावर धरायची. ती माझ्या हातात होती, दादा. शेवटच्या शॉटच्या आधी तू पापणी काढत होतास आणि तुझी मान लालबुंद झालेली मला दिसली. मी छत्री जराशी कलती केली, हातभर, तुझ्या डोक्यावर. तू वळून बघितलंही नाहीस. म्हणालास, "कुंदे, छत्री हलवू नको. नाक जाईल."

मी छत्री परत बर्फावर धरली.

शिक म्हणालास, शिकले नाही. त्याच्याशी लग्न करू नको म्हणालास, केलं. पाहुण्यांसमोर तोंड आवर म्हणालास, कधी आवरलं नाही. आयुष्यभर तुझं एक ऐकलं नाही मी, आणि नेमकं तेव्हा ऐकलं. का ऐकलं? एकदा तरी, तेव्हा तरी, भांडायचं होतं ना! छत्री फेकून द्यायची होती. जाऊ दे नाक, जाऊ दे अख्खी बाई.

मग तू तिच्या गुडघ्याला धरून खाली बसलास. मला वाटलं, पायाचं काम करतोयस. तू आडवा झालास तेव्हा कळलं. मी हातोडी घेतली आणि त्या बाईचं तोंड फोडलं. तो डोळा, तो ओठ, सगळं. तुकडे तुझ्या मानेखाली, काखेत, डोक्यावर ठेवले. इशिका रडत रडत तुझ्या पायांवर पाणी ओतत होती. तुझं सगळ्यात चांगलं काम मी दहा घावांत संपवलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. तू नंतर एक शब्द बोलला नाहीस. संध्याकाळी गेलास.

वहिनी हॉस्पिटलमध्ये पोहोचली तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास. तिने माझा हात धरून विचारलं, "शेवटचं काही बोलला का?" मी काय सांगणार होते? छत्री हलवू नको, नाक जाईल? मी म्हटलं, "हो. तुझं नाव घेतलं. वैशाली म्हणाला." ती 'बरं' म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. गेले पंधरा दिवस प्रत्येक येणाऱ्याला शेजारच्या बायका सांगतात, शेवटच्या क्षणी बायकोचं नाव होतं हो तोंडात. वहिनी मान हलवते. आणि मी उठून मोरीत जाते.

इथवर लिहिलं आणि पेन ठेवलं. चार वाजले होते. इशिकाचा एक मिस्ड कॉल येऊन गेला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. छत्री, हात, नाक, सगळं. आणि हेही की तू तिचं नाव घेतलं नव्हतंस, मी खोटं सांगितलं.

तिने गॅस बंद केला. मला वाटलं, आता म्हणेल की निघ इथून. मी बॅग कुठे आहे तेसुद्धा मनात आठवून ठेवलं होतं.

"नावाचं मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तीस वर्षांत त्याने मला नावाने हाक मारली नाही, कुंदा. 'अगं' आणि 'ऐकलंस का', बास. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हासुद्धा लाजून पळून गेला होता. तो मरताना वैशाली म्हणेल?" तिने कढईवर झाकण ठेवलं. "मी म्हटलं, तू माझ्यासाठी म्हणालीस, तर असू दे. पण रोज वाटायचं, खरं काय बोलला असेल. नाक जाईल म्हणाला ना? हे तो म्हणाला असेल. हे त्याचंच आहे."

मग ती रडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. तुला शिव्याही दिल्या, दादा. मला वाटायचं तुझ्यावर मीच एकटी चिडलेय. तिच्यापुढे माझा राग काहीच नव्हता.

फोन वाजला. इशिकाच होती. मी उचलायच्या आधी वहिनीने तो माझ्या हातातून घेतला. तुला तिचं हिंदी माहीत आहे, भाजीवाल्यापुरतं.

"बेटा, मैं उनकी मिसेस. वो नाम के ऊपर जो लिखा ना, वो निकालो. मैं बोलती वो लिखो. ये आदमी इसी शूटिंग में धूप लगके गया. छाता बर्फ पे था, उनके ऊपर नहीं था. इतना लिखो."

पलीकडून इशिका काहीतरी बोलली. सर, स्टॉल, डोनेशन असं.

"पानी का स्टॉल होना ही मंगता. इसके लिए तो बोलती. लोग को समझना चाहिए ना, बर्फ के बाजू में खड़ा आदमी भी मरता है. तुम्हारे सर को दो फोन." पलीकडून पुन्हा तेच आलं. "तो फिर नाम मत डालो. फोकट का नाम हमको नहीं चाहिए."

डायरेक्टर लाइनवर आला. वहिनीने तेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. तो हो म्हणाला. खरंच लिहितात की नाही ते उद्या कळेल. नाही लिहिलं तर मी जाणार आहे त्यांच्या ऑफिसात, आणि वहिनी माझ्याबरोबर येणार आहे.

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला मी इतक्यात माफ करणार नाही, कुंदा. आधीच सांगून ठेवते."

"नको करू."

"जमेल तेव्हा करीन. नाही जमलं तर नाही करणार."

"बरं."

"पण बॅगबिग भरायला जाऊ नको. बस इथे."